बाबांनी थांबवलेली गाडी

डिझेलचा वास आला की डोंगरावरच्या देवीला गेलो तो दिवस आठवतो. बाबा एसटीचे ड्रायव्हर. वर्षानुवर्षं त्यांनी भाविकांना पायथ्याशी उतरवलं, पण स्वतः कधी वर गेले नव्हते. निवृत्तीनंतर आम्ही त्यांना घेऊन जांभ्याच्या तापलेल्या पायऱ्या चढत होतो. देऊळ दिसू लागलं, तोच उतरणारी एक म्हातारी मटकन खाली बसली. "चिपळूणची गाडी चुकतेय माझी," ती रडवेली झाली. बाबांनी तिचा हात धरला. "चला आजी, मी थांबवतो." आई म्हणाली, "अहो, देऊळ बंद होईल!" पण ते आजींना घेऊन उतरलेच. आजींना गाडी मिळाली, बाबांचं दर्शन हुकलं. खाली भेटल्यावर म्हणाले, "वेळ झाली म्हणून हात करणारी कितीतरी माणसं मागे टाकलीत मी." हे इतक्या साधेपणाने सांगणारा माणूस मी अजून दुसरा पाहिलेला नाही.