‘बमलो’चे शहात्तर गुण

शालू गेल्याचा तिच्या भावाचा फोन आला, तेव्हा मी आगरदांड्याच्या जेट्टीवर दिघीच्या बोटीची वाट बघत होते. बोट आली, माणसं चढली, निघूनही गेली... मी तिथंच उभी. थळच्या कोळीवाड्यातली शालू आणि मुरूडची मी, शमीम, एकोणीस वर्षं एकाच शाळेत शिकवत होतो. ती इंग्रजी, मी गणित.

तिची आई बोंबील सुकवून विकायची. शालूने ते कधी लपवलं नाही. तिचा डबा उघडला की स्टाफरूममध्ये कुणीतरी खिडकीकडे सरकायचं, मग ती मुद्दाम डबा टेबलाच्या मधोमध ठेवायची.

एकदा शिक्षकांसाठी इंग्रजी शब्दांच्या खेळाची स्पर्धा होती. पटावर अक्षरांच्या सोंगट्या मांडून शब्द करायचा, प्रत्येक अक्षराला ठरलेले गुण. गुण लिहायला मी बसले होते. पहिल्याच खेळीत शालूने सातही सोंगट्या लावल्या. बी, यू, दोन एम, ए, एल, ओ... बमलो. समोर बसलेले निवृत्त मुख्याध्यापक हसले आणि म्हणाले, हा तर मासळीबाजारातला शब्द, उचला. शब्द खोटा ठरला तर खेळी जाते, म्हणून मीही हळूच तिला तेच सांगितलं. तिने ऐकलं नाही. पंचांना शब्दकोश उघडायला लावला. त्यांनी वाचून दाखवलं : एक मासा, शब्द बहुधा मराठी ‘बोंबील’वरून आलेला.

“शब्द आमच्या घरचा आहे, सर,” शालू म्हणाली. “शमीम, गुण लिही.”

अक्षरांचे तेरा, मधल्या चौकटीमुळे दुप्पट, सातही सोंगट्या लागल्याचे वर पन्नास. शहात्तर. सामना ती पुढे हरली, त्याचं तिला काही वाटलं नाही. राग आला तो त्या ‘बहुधा’चा. घरी जाऊन तिने आईला सगळं सांगितलं, तर आई मासळी निवडता निवडता म्हणाली, “बोंबील आपला, मंग शब्द कुनाचा आसंल?”

शाळेतल्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले, बाई कोळीवाड्यातून वर आल्या. मी सभेत बोलणारी नव्हे, पण उठले. म्हटलं, ती वर आली नव्हती, रोज सकाळी तिथून यायची आणि संध्याकाळी तिथंच परत जायची. एवढं बोलून खाली बसले.

तिच्या वर्गात फळ्याचा डावा कोपरा रोजच्या एका शब्दासाठी राखलेला असे. तो पुसून टाका, असं शाळेकडून मुलींना दोनदा सांगून झालंय. कोळीवाड्यातल्या मुली ऐकत नाहीत. तिथं आता रोज त्या आपल्या घरातला एक शब्द लिहितात. इंग्रजीला हवा असेल, तेव्हा ती घेईल.