रहमतभाईंची लाल गाडी

जंगलखात्याच्या ऑफिसात आयुष्य काढलेल्या माणसाजवळ शेवटी दोनच गोष्टी उरतात, गुडघेदुखी आणि किस्से. फायलींना वाळवी लागते. किस्से मात्र दर पावसाळ्यात फुगतात. माझ्या साठ्यातले निम्मे एकाच माणसाचे आहेत. शेजारच्या टेबलावरचे रहमतभाई, आणि तरुणपणी त्यांनी विकलेली गाडी.

*

गाडी विलायती, लाल, दोन सीटांची, वर टप नाही. खाणीवरचा गोरा साहेब मायदेशी जाताना ती बंद पडलेली सोडून गेला. रहमतभाई गॅरेजवाल्याचे चिरंजीव. त्यांनी ती घेतली आणि वर्षभर खपून चालती केली. पुढे ते खात्यात बाबू झाले आणि गाडी चामोर्शीच्या एका लाकूडवाल्याला विकून मोकळे झाले.

कारण विचारलं की सांगायचे, "सीटा दोन, घरात मानसं पाच. बायको म्हने, विका."

एकदा भाभी त्यांचा विसरलेला चष्मा द्यायला ऑफिसात आल्या. आम्ही विषय काढलाच.

"मी कदी म्हटलं विका म्हनून?" भाभी म्हणाल्या. "यायलेच भेव वाटे. बाबूपाशी अशी गाडी पाहून कोनी निनावी अर्ज करन, म्हनून विकली."

रहमतभाई चष्मा पुसत बसले. फार वेळ पुसला.

*

नव्वद साल उलटल्यावर एका सकाळी वनरक्षक आत आला. "रहमतभाई, मुद्देमाल लिवून घ्या. चोरीचं सागवान अन् एक गाडी. चालवणारा पयाला."

रहमतभाई खिडकीशी गेले आणि तिथेच राहिले. गाडी तीच होती. डावी सीट उपटून तिथे सागाच्या फळ्या भरल्या होत्या.

"रंग काय लिवता? मातकट लिवा."

"लाल."

"कुठी लाल दिसून राह्यली तुमाले?"

"धुतल्यावर दिसन," रहमतभाई म्हणाले.

खटला सुरू झाला, म्हणजे गाडी आवारात उभी राहिली. आमच्याकडे खटला चालतो तेव्हा बाकी सगळं उभंच राहतं.

*

पावसाळ्यात रहमतभाईंनी घरची ताडपत्री आणून गाडीवर टाकली. त्या वेळचे साहेब नाशिककडचे, नियमाचे पक्के. सरकारी मुद्देमालावर खाजगी वस्तू ठेवल्याबद्दल त्यांनी लेखी खुलासा मागवला.

रहमतभाईंनी एका ओळीत खुलासा दिला. "ताडपत्री खाजगी आहे हे मान्य, परंतु पाऊसही सरकारी नाही."

ताडपत्री काढावी लागलीच.

*

दुपारी रहमतभाई डबा घेऊन उजव्या सीटवर जाऊन बसत. चाकं जमिनीत रुतलेली, दिवे फुटलेले. हे एका हातात भाकर आणि एका हातात स्टेअरिंग धरून समोर पाहत जेवायचे.

परत आले की मी विचारायचो, "आज कुठवर गेलते, रहमतभाई?"

"पोंभुर्ण्यापर्यंत. रस्ता खराब आहे, वापस आलो."

पहिल्यांदा सगळे हसलो. काही वर्षांनी कोणी हसेना, पण विचारायचं मी सोडलं नाही. न विचारलं तर ते बोलतच नसत.

*

खटला संपायला एकविसावं शतक उजाडलं. गाडी सरकारजमा झाली, लिलाव ठरला. नोकरीत असलेल्याला बोली लावता येत नाही. पण रहमतभाई जूनमध्ये निवृत्त होणार होते आणि लिलाव दिवाळीनंतर होता.

लिलावाची यादी मात्र मेमध्येच व्हायची आणि तीत गाडीची स्थिती लिहिणं त्यांच्याच टेबलाचं काम. त्यावरून किमान बोली ठरायची. नवे साहेब भले होते. त्यांनी दार लावून सांगितलं, "खरं तेच लिहा. 'भंगार' म्हणा. बोली खाली येईल, गाडी तुम्हालाच मिळेल."

रहमतभाई दिवसभर तो कागद घेऊन बसले. संध्याकाळी साहेबांनी न वाचता सही केली.

लिलावाला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, मागे बसले. साहेब वाचू लागले, "मोटारगाडी एक, रंग लाल, उत्तम, चालू स्थितीत..." आणि थांबले. मग किमान बोली वाचली, चांगली चढी. कोणी हात वर केला नाही. गाडीच्या तळातून पळसाचं रोप वर आलेलं सगळ्यांना दिसत होतं.

चंद्रपूरचा भंगारवाला म्हणाला, "चालू? असं कोनं लिवलं बाप्पा?"

रहमतभाई उभे राहिले. "मी लिवलं."

साहेबांनी यादी खाली ठेवली. मग हळूच विचारलं, "तुम्ही बोली लावता, रहमतभाई?"

"नाई साहेब," ते म्हणाले. "चालू गाडी मले कुठी झेपते?"