प्रोटीन अकरा

वसंता गेल्याचा निरोप घेऊन त्याची थोरली मुलगी सुमन मुलुंडला आमच्या खोलीवर आली, तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धी दाढी तशीच ठेवून घाटकोपरला गेलो. त्याला आता सव्वा महिना झाला, पण डोक्यातला गुंता काही सुटत नाही.

वसंता माझा धाकटा भाऊ. गिरणीत बॉयलरवर आम्ही दोघं, माझी पाळी संपली की त्याची सुरू. मी प्रेशरच्या काट्याचा आकडा वहीत लिहायचो, तो येऊन नुसती सही ठोकायचा. वर म्हणायचा, "तू बघितलंस ना दादा, मग मी कशाला बघू?" मी चौथीपर्यंतच शिकलो, पण आकडा कधी चुकवला नाही.

गेल्या वर्षी त्याची कंबर धरली. नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावलं. रिपोर्ट घेऊन वसंता आधी माझ्याकडे आला. हिमोग्लोबिन कमी, प्रोटीन अकरा. प्रोटीन म्हणजे ताकद, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, रक्त तेवढं कमी आहे, कलेजीचा रस्सा पी, बाकी गडी दणकट आहेस. त्याची बायको म्हणाली, डॉक्टरांना दाखवू या. मीच तिला गप्प केलं... तीन महिन्यांनी नुसत्या शिंकेने त्याची बरगडी मोडली.

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. हाडाच्या आतल्या मगजात एका जातीच्या पेशी माजल्यात, त्या एकच बिनकामाचं प्रोटीन बनवत सुटल्यात. आकड्याशेजारी छापलेलं 'सहा ते आठ' त्यांनी बोटाने दाखवलं. ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, ते अशक्त माणसांचं असेल. मी विचारलं, मग अंडी बंद करू? नको म्हणाल्या, खाण्याशी ह्याचा संबंध नाही. मग कशाशी आहे? ते त्यांनाही नीट सांगता येईना. तीन महिने आधी आणला असता तर...? "नक्की नाही सांगता येत, आजोबा."

काटा तांबड्या रेघेला लागला की वाफ सोडायची, हे मी जन्मभर केलं. इथेही रेघ होतीच. मी वसंताला सगळं कबूल केलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "तांबडी नव्हती ना रे, दादा."

परवा सुमनने त्याची फाईल माझ्याकडे दिली. त्या पहिल्या रिपोर्टाच्या खाली, कोपऱ्यात, पेन्सिलने वसंताची सही आहे. पाळीवर करायचा तशीच... बाजूला वेळसुद्धा टाकली आहे.