मौनीबाईची जाई

आमच्या टिश्यू कल्चरच्या, म्हणजे तुकड्यांपासून बाटलीत रोपं वाढवायच्या प्रयोगशाळेत सगळ्याजणी तिला मौनीबाई म्हणायच्या. गाळलेल्या हवेच्या कपाटापुढे बसली की तिच्या तोंडाला कुलूप. आमच्यापैकी कुणी मास्कआड नुसतं खुदकन हसलं, तरी अशी खरडपट्टी काढायची की विचारू नका! "तोंडाच्या वाफेने बाटली नासते. गप्पा मारायच्या तर बाहेर जा."

मग तिची लेक गेली. शेवटी शेवटी तिला इस्पितळात काचेच्या खोलीत ठेवलं होतं. जंतू लागतील म्हणून आत कुणाला सोडत नव्हते. दुसरी एखादी आई रडून-भांडून आत घुसली असती. हिने नियम पाळला, काचेला हात लावून बाहेर उभी राहिली. असल्या शहाणपणाला आग लागो, असं मला आजही वाटतं.

मागे उरली लेकीने लावलेली जाई. मौनीबाई येता-जाता तिला पाणी घालत सुटली आणि मुळं कुजली. फांद्या तोडून दुसऱ्या कुंडीत लावल्या, त्याही काळ्या पडल्या. एकच हिरवा कोंब उरला. तो ओल्या फडक्यात गुंडाळून ती कामावर आली.

जंतू मारायच्या औषधात धुऊन तिने ताटलीत कोंबाचे तीन तुकडे केले. मी शेजारीच होते. एकाएकी तिने मास्क खाली ओढला, ताटलीवर वाकली आणि म्हणाली, "घाबरू नकोस गं. मी आहे ना इथे."

मी म्हटलं, "बाई, काय केलंत हे! पुन्हा धुऊन घ्या."

"आणखी एकदा औषधात घातले तर जळतील गं," ती म्हणाली. तसेच तुकडे तिने बाटल्यांत लावले.

थोड्याच दिवसांत तिन्ही बाटल्यांत बुरशीची पांढरी लव चढली. नासलेली बाटली उघडायची नाही, झाकणासकट वाफेत उकडायची, हे तिनेच आम्हाला शिकवलेलं. आता तीच साहेबांच्या विनवण्या करत होती. "अजून हिरवी आहे हो ती! थोडं थांबा ना."

"बाकीच्या बाटल्यांना लागण होईल," साहेब खालमानेने म्हणाले.

तिने एक बाटली छातीशी धरली आणि झाकण उघडलं. आम्ही ओरडलो. तिने बोट आत घालून त्या कोंबावरून हलकेच फिरवलं.

"तिला हात लावायचा राहिला होता," ती म्हणाली.

मग झाकण घट्ट लावून तिन्ही बाटल्या तिनेच वाफेच्या भांड्यात ठेवल्या.