आक्काबाईच्या पंगतीतले दोन गोरे

आमच्याकडे गोरा माणूस म्हणजे इंग्रज. हे प्रकरण सत्तेचाळीस साली मिटलं असं मी शाळेत पोरांना शिकवत होतो, पण सोनईच्या पलीकडे आमच्या वस्तीवर ते बहात्तरपर्यंत चालूच होतं. बहात्तरला दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले. मग कुठल्याशा परदेशी संस्थेचं बोअर पाडायचं मशीन आलं, त्याच्याबरोबर दोन गोरे आले, आणि गोऱ्यांतही घाटावरचे आणि कोकणातले असतात हे आम्हाला पहिल्यांदा कळलं. ते कळलं आक्काबाईच्या चुलीपाशी.

आक्काबाई ह्या मशीनवाल्यांच्या कॅम्पवर स्वयंपाकाला होती. चाळिशीची बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दीर सूर्यभान याच्या घरात राबायची आणि उठताबसता त्याचं ऐकायची. हाताला इतकी चव, की तिनं नुसती चटणी वाटली तरी शेजारची वस्ती भाकरी घेऊन निघायची. बोलणं मात्र मिरचीचं. मला इंग्रजी येतं असा तालुक्यात गैरसमज असल्यामुळे शाळा सुटल्यावर मी कॅम्पवर दुभाष्या होतो. जेवण तिथंच. पगारापेक्षा ते मोठं.

दोघांतला एक अमेरिकन. लॉइड. "मिस्टर नाही, साहेब नाही, नुसतं लॉइड," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. आता धडधाकट परपुरुषाला नुसत्या नावानं कसं हाकारायचं? आक्कानं तोडगा काढला, "लाईडभाऊ." दुसरा जर्मन. होल्ट्झमान. त्याचं पहिलं नाव काय हे सहा महिने त्याच्या तंबूलासुद्धा ठाऊक नव्हतं. तो पुस्तकातून व्याकरणशुद्ध मराठी शिकून आलेला. आक्काला "आपण" म्हणायचा. आक्काला जन्मात कुणी "आपण" म्हटलं नव्हतं, त्यामुळे पहिले आठ दिवस ती मागे वळून कोण आलंय ते बघायची.

लॉइड दिसेल त्याला हसायचा. "कसं काय, बरं हाय का?" एवढं मराठी त्यानं पाठ केलं होतं आणि दिवसातून शंभर जणांवर तो ते उधळायचा. आमच्या गहिनीनाथला त्यानं तसं विचारलं. गहिनीनाथ बिचारा मनापासून सांगायला लागला, "बरं कुठलं लाईडभाऊ, परवापस्नं पोटात कळ..." तोवर लॉइड जीपमध्ये बसून गेलासुद्धा. गहिनीनाथ जीपच्या धुरळ्यात उभा. "इचारलं कशाला मंग ह्यानं?" म्हणून दोन दिवस मला छळत होता. त्यांच्याकडे ते विचारणं म्हणजे आपला रामराम, उत्तराची अपेक्षा नसते, हे त्याला पटवता पटवता माझ्या पोटात कळ आली.

होल्ट्झमान कुणाला काही विचारायचाच नाही. हसायचाही नाही. "ह्याच्या घरी कोन वारलंय का?" असं आक्कानं मला हळूच विचारलं होतं.

खरी गंमत पंगतीत. आपली रीत सगळ्यांना ठाऊक आहे. ताट मोकळं दिसलं की वाढायचं. पाहुण्यानं नको म्हणायचं, आपण "एवढी चतकोर" म्हणायचं, त्यानं ताटावर हात धरायचा, आपण बोटांच्या फटीतून सोडायचं. दोन्हीकडून असा जोर लागला म्हणजे जेवण झालं. लॉइडला त्याच्या आईनं शिकवलेलं, की यजमानाचा मान राखायचा तर ताट पुसून संपवावं. झालं! त्यानं ताट पुसलं की आक्का वाढणार, आक्कानं वाढलं की तो पुसणार. दोघंही एकमेकांचा मान राखतायत! सहाव्या भाकरीला त्याचे डोळे पांढरे झाले, तरी "वंडरफुल, आक्का!" चालूच. दुसऱ्या दिवशी मशीन बंद आणि लॉइड तंबूत आडवा.

होल्ट्झमाननं तिसऱ्या भाकरीला सांगितलं, "मला नको आहे. धन्यवाद." आक्का म्हणाली, "असं कसं, आर्धी घ्या." त्यानं ताटावर हात धरला. आक्कानं तव्यावरची भाकरी सरळ त्याच्या हातावरच ठेवली. माणूस कळवळला, पण हात काढला नाही. भाकरीकडे बघितलं, आक्काकडे बघितलं आणि म्हणाला, "मी 'नको' असे म्हणालो होतो."

"व्हय, पन कितीदा म्हनला? एकदाच!" आक्का माझ्याकडे वळली. "मास्तर, ह्याला सांगा, एकदा न्हाई म्हनल्यावर कोन ऐकतं?"

मी सांगितलं. होल्ट्झमाननं ते गंभीरपणे ऐकून घेतलं. पुढच्या जेवणापासून तो ओळीनं तीनदा "नको, नको, नको" म्हणून मोकळा व्हायचा.

होळीच्या सुमारास केडगावहून आक्काचा मामा, कारभारी, आला. पुणे रस्त्याला लागून त्याची एक खोली रिकामी होती. समोर ट्रक थांबायचे. "खानावळ घाल," मामा म्हणाला. "पर पुढल्या बाजाराच्या आत सांग, न्हाईतर पंक्चरवाला मागतोय." आक्कानं हिशेब केला. पाऊस पडला की कॅम्प उठणार, मग परत सूर्यभानाचं दार. सूर्यभानानं ऐकल्यावर एवढंच म्हटलं, "बाईमानसाची खानावळ? ड्रायव्हर लोकांत? आन तुझ्या हातचं पैसं देऊन खानार कोन?" लोक काय म्हणतील हे त्यानं वेगळं सांगितलं नाही. आमच्याकडे ते घरात आधीच येऊन बसलेलं असतं.

त्या दुपारी आक्कानं मला चुलीपाशी बोलावलं. "मास्तर, ह्या दोघांनी मुलूख बघितलाय. इचारा त्यांना. माझ्या हातचं परकं मानूस खाईल का?"

लॉइड उठून उभाच राहिला. "का नाही? आजच घाल! नाही चाललं तर दुसरं काहीतरी कर!" त्याच्या मावशीनं म्हणे असंच रस्त्याकडेला जेवणाचं दुकान काढलं होतं, दोनदा बुडालं, आता तिसरं चालू होतं. हे तो कौतुकानं सांगत होता. आक्का माझ्याकडे बघतच राहिली.

"दोनदा बुडाली? आन तोंड दाखवत फिरती?"

"फिरते. वर लोकांना सांगते."

"आन तिचा दीर काय म्हनतो?"

लॉइडला दीर म्हणजे काय हे समजावून सांगण्यातच चहा निवला. शेवटी तो म्हणाला, "त्याचा काय संबंध?" हे मी भाषांतर करून सांगितल्यावर आक्का किती तरी वेळ जाळ सारायचं विसरली. "पहिल्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक मी!" लॉइडनं जाहीर केलं.

होल्ट्झमान म्हणाला, "मी शनिवारी सांगतो." त्यांच्याकडे खानावळ काढायची तर आधी वर्षानुवर्षं कुणाच्या हाताखाली शिकायचं आणि मग परीक्षा द्यायची. आक्का मला म्हणाली, "सैपाकाची परीक्षा? मंग ह्यांच्याकडच्या सासवा काय करत्यात?"

शनिवारी तो हात धुऊन, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं लावून आला आणि मशीनवरच्या सगळ्या माणसांदेखत बोलायला लागला. पाणी कोण आणणार? आजारी पडलात तर चूल कोण पेटवणार? मग स्वयंपाकावर आला. त्या साली रेशनवर मिलो मिळायचा, अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापली की चिरा पडायच्या. लॉइडनं हसत हसत सांगून टाकलं होतं, की आमच्याकडे ही जनावरांना घालतात. आक्का आधणाच्या पाण्यात पीठ भिजवायची आणि त्या लाल पिठाची भाकरी टम्म फुगवायची. "आपली भाकरी उत्तम आहे," होल्ट्झमान म्हणाला. "पिठले उत्तम. आमटी एखाद्या दिवशी खारट. भात वाईट आहे. नेहमी वाईट असतो. आपण भात करू नये."

माणसं फिस्सकन हसली. आक्काचा चेहरा तिच्या तव्यासारखा झाला. भात आमच्याकडे सणावारी, कॅम्पवर तो गोऱ्यांसाठीच शिजायचा. तिला कुठून सवय? त्या संध्याकाळी तिनं होल्ट्झमानच्या ताटात मुद्दाम भाताचा ढीग ओतला. त्यानं तो निमूट खाल्ला आणि म्हणाला, "आजसुद्धा."

"खाऊन खाऊन वर नावं ठेवतो मेला!" आक्का माझ्यावर उखडली.

मी म्हटलं, "आक्का, त्यांच्याकडं तोंडावर खरं सांगणं म्हणजे मान देणं. ज्याची पर्वा नाही त्याला ते काही सांगतच नाहीत."

"मंग माझा दीर जर्मनच म्हनायचा."

"सूर्यभानानं भाकरी चांगली म्हटलंय कधी?"

भांडी त्या दिवशी हळू वाजली. बाजाराच्या आदल्या दिवशी तिनं मामाला निरोप धाडला.

खानावळ लागली त्या दिवशी मी नारळ घेऊन केडगावला गेलो. खोली शेणानं सारवलेली, भिंतीला चुना, एक लांब बाक. आक्कानं पहिलं ताट वाढून ठेवलं होतं. लॉइडसाठी. आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द. पण लॉइडला चार दिवसांपूर्वी बिहारला धाडलं होतं, आणि त्यांच्यात "येईन हं" म्हणजे "तुझं बरं होवो" एवढंच असतं, हे आक्काला सांगायची माझी छाती होईना. होल्ट्झमाननं आधीच कळवलेलं, "पहिल्या आठवड्यात सगळीकडेच गोंधळ असतो. मी महिन्याने येईन." आणि तो बरोबर महिन्यानं आलाही. लॉइड तीन वर्षांनी, न कळवता, बायकोला घेऊन उगवला आणि भर रस्त्यात आक्काला मिठी मारली, त्यावर केडगावात अजून चर्चा आहे. पण ते नंतरचं.

त्या दिवशी दोन ट्रक थांबले. ड्रायव्हर आत आले. आक्का म्हणे, "जरा दम धरा, पहिलं मानूस यायचंय." एक ट्रक निघून गेला. दुसऱ्याचा ड्रायव्हर भिमाजी मिशीला पीळ देत दारात उभा. "मावशे, खानावळ हाय का देऊळ? कुनाची वाट बघती?"

आक्का रस्त्याकडे बघत होती. सोनईकडून उन्हाशिवाय काही येत नव्हतं. ती उठली, ते ताट उचललं, त्यातली निवलेली भाकरी काढून गरम ठेवली आणि भिमाजीपुढं सरकवलं. "बस. तूच पहिला."

चार घास झाल्यावर भिमाजी म्हणाला, "भात?"

"भात न्हाई. मला येत न्हाई."

आमच्याकडच्या कुठल्याही बाईनं परक्या पुरुषाला तोंडावर असं सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. भिमाजीनंही नसावं.

"येत न्हाई? मंग खानावळ चालंल कशी?"

"न्हाई चालली तर दुसरं काय तरी घालीन. भाकर घे गुमान."

भिमाजी हसला तो पार ठसका लागेपर्यंत. आठ दिवसांत पुणे रस्त्याच्या ड्रायव्हर लोकांत झालं, केडगावच्या मावशीकडं भात मागायचा न्हाई.

नवव्या-दहाव्या दिवशी सूर्यभान आला. लोक बोलायला लागले म्हणून वहिनीला न्यायला आला होता. फेटा झाडून, आवाज तयार करून तो दारात आला, तर बाक भरलेला. "ओ पाव्हनं," आतून कुणी तरी ओरडलं, "मागनं या, नंबर हाय." सूर्यभान आयुष्यात पहिल्यांदा वहिनीच्या दारात ताटकळला. जागा झाल्यावर बसला. आक्कानं डोक्यावरचा पदर सारखा करून ताट मांडलं.

"वयनी, बास झालं आता. चला घरी."

"जेवून घ्या भावजी. तुमची यष्टी साडेतीनला हाय."

सूर्यभानानं आजूबाजूला बघितलं. कुणाचंच त्याच्याकडे लक्ष नव्हतं, जो तो आपल्या ताटात. त्यानं भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली, तोंडात घातली आणि बराच वेळ खाली मान घालून जेवत राहिला. मग रिकामं ताट जरासं पुढं सारून म्हणाला,

"आनखी आर्धी वाढा."