हातभर लाकूड

आमच्या इमारतीतले आजोबा लिफ्टमध्ये भेटले की आधी हवामान सांगतात, मग रानडुकरांची खबर. पाच वर्षांपूर्वी, भूकंपात झालेल्या अणुभट्टीच्या अपघातानंतर, त्यांचं डोंगरातलं गाव रिकामं केलं आणि त्यांना इथे शहरात, कोतो भागात, अकराव्या मजल्यावर घर मिळालं. "बंदूक पोलिसांकडे जमा केली. डुकरांना कळलंय ते. माझ्याच ओसरीवर झोपतात," असं म्हणून ते हसतात. मीही दर वेळी हसतो. दुसरं काय करणार?

गेल्या शनिवारी खालच्या बागेत, वादळात पडलेलं झाड कापताना कामगाराची चेनसॉ बंद पडली. आजोबांनी हातातली पिशवी मला दिली, गुडघ्यांवर बसले, प्लग काढून शर्टाच्या टोकाने पुसला, मग त्याच्याच कानशीने साखळीचा एकेक दात घासला. दुसऱ्या झटक्याला मशीन सुरू झालं. पण त्यांनी ते परत दिलंच नाही. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात ओंडक्यावर ठेवायचा, खूण करायची आणि कापायचं. सगळे तुकडे हातभर, चुलीत बरोबर मावतील असे.

कामगार अवघडून म्हणाला, "एवढं मोजू नका हो, हे कचऱ्याच्या भट्टीतच जाणार आहे."

आजोबांनी मान डोलावली आणि पुढचा तुकडाही मोजूनच कापला.

वर येताना त्यांच्या बाहीला भुसा चिकटला होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "गावी लाकडं तुम्हीच फोडायचात का?"

"भूकंपाच्या आदल्याच आठवड्यात शेड भरून ठेवली होती," ते म्हणाले. "ओकच्या लाकडाला वाळायला दोन वर्षं लागतात."

अकरावा मजला आला. दार उघडलं तरी ते तसेच उभे राहिले.

"आता छान वाळली असतील."