गोठ्याच्या खिडकीतला एक्स-रे

डॉक्टर भाऊसाहेबांची आणि माझी पहिली भेट झाली ती गटारापाशी. चौक गावात जुन्या हायवेलगतच्या त्यांच्या एक्स-रे केंद्रात मी तंत्रज्ञाची नोकरी मागायला गेले होते. मला वाटले, मशीन दाखवतील; ते मला मागच्या दारी घेऊन गेले.

"फिल्म धुतलेलं पाणी पूर्वी इथून ओढ्यात जायचं. खाली लोकांची वालाची शेतं आहेत. आता एक थेंबही जाता कामा नये. मशीन मी शिकवीन, एवढं तुम्ही सांभाळा."

ते पाणी आम्ही कॅनमध्ये भरून त्यातली चांदी काढणाऱ्यांकडे पाठवत असू. आज सगळे संगणकावर दिसते, फिल्म धुणे संपले. भाऊसाहेबांचा नियम मात्र कायम आहे: जुना एक्स-रे पाहिल्याशिवाय नवी तपासणी नाही. प्रत्येक तपासणीमागे वीज जळते, कचरा होतो, माणसाच्या अंगावर किरण पडतात, असे ते सांगतात. आमच्याकडे तर 'फोटो' काढला नाही की डॉक्टरला काही येत नाही, असा समज! रुग्ण रागावून दुसरीकडे जात. रिकाम्या खोलीतला एसी बंद करत फिरणाऱ्या भाऊसाहेबांवर आम्हीही कैकदा वैतागलो आहोत.

एकदा लोधिवलीच्या अनसूयाबाई दुसरीकडे काढलेला एक्स-रे घेऊन आल्या. छातीत डाग होता, सोबत सीटी स्कॅनची चिठ्ठी होती. कॅन्सरच्या धास्तीने त्यांच्या मुलाचे तोंड उतरले होते.

"जुना एक्स-रे आहे का?" भाऊसाहेबांनी विचारले.

"हाय ना. गोठ्याच्या खिडकीला ठोकलाय. पावसाची झड येत व्हती."

"आये, काय पन काय सांगतेस गं!" मुलगा ओशाळला.

भाऊसाहेब मात्र उठलेच. "चला, गोठ्यात."

खिडकीचे खिळे त्यांनी स्वतः उपसले. फिल्मच्या कडांना बुरशी, वर शेणाचे शिंतोडे. मधली छाती शाबूत होती. दोन्ही फिल्म त्यांनी दारातल्या उजेडाला धरल्या. तोच डाग, तेवढाच, त्याच जागी. कैक वर्षांपूर्वीच्या आजाराचा वण.

"अनसूयाबाई, हे जुनं कूळ आहे. काही मागत नाही, राहू द्या. स्कॅन नको, खोकल्याचं औषध देतो."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला. "मी तर लेकराला माझ्यामागचं समदं सांगून ठेवलं व्हतं."

त्या दिवशी मला माझ्या गुरूंचा फार अभिमान वाटला. उघड्या पडलेल्या त्या खिडकीला त्यांनी आठवड्याभरात काच बसवून दिली, हे मला बाईंकडूनच कळले.

भाऊसाहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त आम्ही नाक्यावर फ्लेक्स लावणार होतो. "तो नंतर कुठे टाकाल?" एवढेच त्यांनी विचारले आणि आम्ही तो बेत सोडला. अनसूयाबाई मात्र समारंभाला येणार आहेत, ओढ्याच्या खालच्या अंगाला असलेल्या आपल्या शेतातला वाल घेऊन. त्याला भाऊसाहेब नाही म्हणणार नाहीत.

भाऊसाहेब, आपणांस उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. आमच्या मशीनसमोर उभे राहण्याची वेळ आपणांवर कधी न येवो. आलीच, तर आधी आपला जुना एक्स-रे मागू. मग तो कुणाच्या गोठ्यात का असेना.